उंदरांच्या आतड्यातल्या विषारी ई. कोलाय जिवाणूचा जीनोम (संपूर्ण डीएनए) वाचताय? या चुका टाळा

पहिली चूक घाईची. मॅकॉन्की प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या खास माध्यमावर) गुलाबी कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, दिसली की लोक लगेच डीएनए काढायला बसतात. अहो, क्लेबसिएला हा दुसरा जिवाणूही गुलाबीच येतो!

आमच्याकडच्या एका हुशार पण उतावळ्या विद्यार्थ्याने कोलिबॅक्टिन (पेशींच्या डीएनएला इजा करणारं विष) बनवणारा ई. कोलाय सापडला म्हणून पोस्टरसुद्धा करून टाकलं. मी एवढंच विचारलं, असेंब्लीची, म्हणजे तुकडे जोडून तयार झालेल्या जीनोमची, लांबी किती? जवळजवळ एक कोटी बेस. ई. कोलायचा जीनोम साधारण ५० लाखांचा. जीसीचा (डीएनएतल्या जी आणि सी या बेसच्या टक्केवारीचा) आलेख काढला तर दोन उंचवटे, एक ५१ टक्क्यांपाशी, दुसरा ५७ पाशी. म्हणजे एका कॉलनीत दोन भाडेकरू. आणि ज्यावर एवढा गाजावाजा झाला त्या पीकेएस बेटाच्या (कोलिबॅक्टिन बनवणाऱ्या जीनच्या गटाच्या) दोन्ही अंगांना जीन निघाले क्लेबसिएलाचे. हे बेट त्याच्यातही सापडतं, हे वाचायला वेळ कुणाला!

कॉलनी तीनदा स्ट्रीक झाल्याशिवाय (नव्या प्लेटवर रेघा ओढून वेगळी केल्याशिवाय) मी पुढे सरकत नाही. ज्या कल्चरमधून डीएनए काढायचा, त्यातलंच थोडं ग्लिसरॉलमध्ये घालून आधी उणे ८० अंशांना ठेवते. यात दोन-तीन दिवस जातात. जाऊ देत.

एका पिंजऱ्यातले उंदीर एकमेकांची विष्ठा खातात. म्हणून त्यांच्यात एकच जिवाणू फिरत असू शकतो; त्यांच्यातले पाच नमुने पाच स्ट्रेन (जिवाणूचे वेगळे वाण) म्हणून मोजू नका.

फक्त शॉर्ट रीडवर (डीएनएचे छोटे तुकडे वाचण्यावर) भागवू नका. पीकेएस बेट सुमारे ५४ हजार बेसचं, त्यातल्या सीएलबी-जे आणि सीएलबी-के या जीनचे काही तुकडे जवळजवळ सारखे. असेंब्ली नेमकी तिथे फाटते आणि मग 'जीन अपूर्ण' असा शेरा पडतो. लाँग रीड (लांब तुकडे वाचणारी पद्धत) घ्या, आणि त्यासाठीचा डीएनए व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) धरू नका, तो तुटतो.

दुसरी माझी खास चीड म्हणजे जीन दिसला की विष बनतंच असं लिहिणं. बेटातल्या सीएलबी-पी या जीनमध्ये एक अवेळी स्टॉप कोडॉन (प्रथिन बनणं थांबवणारा संकेत) पडला तरी विष बनत नाही. कोलिबॅक्टिन इतकं अस्थिर की ते गाळून बाटलीत भरून तपासता येत नाही. जिवंत जिवाणूच हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवर) सोडायचे आणि पेशी फुगतात का ते पाहायचं. सोबत निसल १९१७ हा ई. कोलायचा स्ट्रेन पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेवा (हो, प्रोबायोटिक म्हणून विकतात तोच, त्याच्यात हे बेट आहे) आणि के-१२ हा बेट नसलेला स्ट्रेन निगेटिव्ह म्हणून. निसल सोडलेल्या पेशी फुगल्या नसतील तर त्या दिवशीची प्लेट वाचूच नका.