कार सीट बदलायची घाई नको: जन्मापासून बूस्टरपर्यंत

दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी निघतात तेव्हा बाळ बहुतेक वेळा आजीच्या मांडीवर असतं, दुपट्यात गुंडाळलेलं. मायेत काही कमी नसतं. पण ताशी ५० किमी वेगातली गाडी धडकून थांबली, तर १० किलोच्या मुलाला आवरायला त्या क्षणी २०० किलोंहून जास्त जोर लागतो. तेवढा जोर कुणाच्याच हातात नसतो. म्हणून कार सीट पहिल्या प्रवासापासूनच हवी. डिलिव्हरीच्या आधीच ती आणा आणि गाडीत बसवून बघा.

सुरुवात: बाळाचं तोंड गाडीच्या मागे

नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा जवळपास पाव भाग, आणि मान अगदी कोवळी. तोंड मागे असलं की समोरून बसलेली धडक सीटची पाठ झेलते. डोकं, मान आणि पाठ एकत्र सावरली जातात.

आमचा मुलगा वर्षाचा झाला तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘आता पुढे तोंड करा.’ आम्ही केलं. नंतर सीटचं माहितीपुस्तक नीट वाचलं आणि सीट पुन्हा फिरवली. युरोपच्या आर-१२९ नियमातही किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायचं आहे. सीटची वजन-उंचीची मर्यादा परवानगी देत असेल, तर चौथ्या वर्षापर्यंतही तसंच ठेवा. पाय अवघडतील ही काळजी सोडा, मुलं खुशाल मांडी घालून बसतात. डोक्यावर सीटची कड अडीच सेंटिमीटरही उरली नाही, की ती सीट लहान झाली असं समजा.

ही सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही ठेवू नका. एअरबॅग उघडली की ती थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

मग पुढे तोंड, पण हार्नेससह (सीटच्या स्वतःच्या पट्ट्यांसह)

आता सीटचा वरचा पट्टा म्हणजे टॉप टेदर असेल, तर तो गाडीतल्या ठरलेल्या हुकातच अडकवा. तोंड मागे असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून येतात; पुढे असताना पातळीला किंवा किंचित वरून.

पट्टा किती घट्ट हवा? खांद्याजवळ तो चिमटीत धरून बघा. पट्ट्याची घडी चिमटीत आली तर तो सैल आहे, आणखी ओढा. दुपटं किंवा जाड स्वेटर पट्ट्याखाली कधीच नको. धडकेत कापड दबतं आणि पट्टा सैल पडतो. आधी बाळाला अडकवा, मग वरून पांघरूण घाला. उन्हात उभ्या गाडीतलं बकल तापलेलं असतं, ते आधी हात लावून बघा.

विकत घेताना आर-४४ (युरोपचाच जुना नियम) किंवा आर-१२९ लिहिलेलं लेबल शोधा. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागी फक्त कमरेचा पट्टा असतो. बऱ्याच सीट तिथे बसत नाहीत. आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट गाडीतल्या कड्यांना अडकवायची सोय, असेल तर उत्तम. बसवल्यावर सीट बुडाशी धरून हलवा. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. कुणाची वापरलेली सीट मिळत असेल, तर तिला अपघात झालेला नाही याची खात्री असेल तरच घ्या.

बूस्टर आणि शेवटी नुसता पट्टा

खांदे हार्नेसच्या सर्वांत वरच्या खाचेच्याही वर गेले, की पाठ असलेलं बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारी बैठक, आणा. २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा कार सीटविना नेल्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे; पण नुसता पट्टा लावला म्हणजे तो मुलाला नीट बसला असं नाही. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत बूस्टर लागतंच.

ते काढण्याआधी बघा: पाठ टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेला दुमडतात का, पाय खाली टेकतात का, कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या हाडांवर बसतो का, तिरका पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधून जातो का. तासाभराच्या प्रवासानंतर, मूल पेंगुळलेलं असताना, हेच परत तपासा. पट्टा गळ्याकडे सरकला असेल, तर बूस्टर परत ठेवा.