आरएक्स १०० चा ऑइल पंप परत कसा जोडावा

"अहो, पंप काढा नि प्लेट मारा, डोक्याला ताप नको." यामाहाची जुनी टू-स्ट्रोक बाइक आरएक्स १०० घेऊन मुंबईतल्या कुठल्याही गॅरेजसमोर उभे राहा, हे वाक्य चहाच्या आधी येतं. माझ्या गाडीचा ऑइल पंप, म्हणजे वेगळ्या टाकीतलं ऑइल इंजिनात सोडणारा पंप, आधीच्या मालकाने असाच काढला होता. पंपाच्या जागी पत्र्याची प्लेट, बाजूच्या कव्हरखाली ऑइलची कोरडी टाकी, आणि वर "मिक्स मारा, काही होत नाही" हा मोफत सल्ला.

मिक्स म्हणजे ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीतच मिसळणं. ते वाईट नाही. शर्यतीच्या टू-स्ट्रोक त्यावरच पळतात. पण मिक्सला एकच माप कळतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, मग गाडी शीवच्या सिग्नलला उभी असो की खोपोलीचा घाट उतरत असो. सिग्नलला ते जास्त होतं: प्लग ओला होतो, धूर मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर जातो. घाटात उलटं. थ्रॉटल बंद, गाडी गिअरवर घुमतेय, पेट्रोल जेमतेम शिरतंय, आणि पेट्रोलातूनच येणारं ऑइलही तेवढंच. पंप मात्र इंजिनाच्या गिअरवर फिरतो आणि केबलने थ्रॉटललाही बांधलेला असतो, त्यामुळे दोन्हीकडे बघून ऑइल सोडतो. यामाहाने त्याला 'ऑटोल्यूब' (आपोआप वंगण) नाव दिलं ते उगाच नाही.

सामान आधी जमवा. पंप, दोन्ही नळ्या, बँजो बोल्टचे (नळी जोडायच्या पोकळ बोल्टचे) नवे वॉशर, पंपाचं गॅस्केट आणि दुहेरी थ्रॉटल केबल. प्लेट मारलेल्या गाडीला बहुधा साधी एकेरी केबल असते. मूळची केबल मुठीपासून निघून पेट्रोलच्या टाकीखाली दोन फाट्यांत फुटते, एक कार्ब्युरेटरला, एक पंपाला. नव्या मालासाठी ऑपेरा हाऊसची दुकानं, जुन्या पंपासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पंप घेताना त्याची पुली (जिला केबल जोडतात ती) बोटाने फिरवून सोडा, ती झटकन जागेवर आली पाहिजे. "दुसऱ्या मॉडेलचा आहे, पण बसतो" असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. भोकं जुळली म्हणून ऑइलचं माप जुळत नाही.

प्लेट काढली की पंप लावण्याआधी आत डोकवा. काही मिस्त्री पंपाबरोबर आतला ड्राइव्ह गिअरही काढून ठेवतात. प्लग काढून किक हळू दाबा आणि टॉर्च मारून बघा, आतला गिअर फिरतोय ना? फिरत नसेल तर आधी इंजिनाचं कव्हर उघडावं लागेल. पुढचं सगळं त्यानंतर.

ऑइलची टाकी उतरवून धुवा. माझ्या टाकीच्या तळाशी पावसाचं पाणी आणि चॉकलेटी चिखल निघाला. झाकणाचं रबर कडक झालं होतं, दुसरं काही नाही. टाकी पूर्ण वाळू द्या, रबर नवं लावा. नळ्या पारदर्शकच घ्या, याचं कारण लवकरच कळेल. ऑइल 'जासो' या जपानी मानकाच्या एफसी किंवा एफडी दर्जाचं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं. बोटीच्या इंजिनासाठीचं टीसी-डब्ल्यू३ स्वस्तात मिळालं तरी नको, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असतं.

आता हवा काढणं. इथे घाई करू नका, मी केली होती. पंप बसवला, टाकी भरली, नळीत ऑइल दिसलं, खूश होऊन साध्या पेट्रोलवर निघालो. घाटकोपर ओलांडून विक्रोळीच्या आसपास इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला आणि मागचं चाक कर्रकन अडकलं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून वाचलो. गाडी कडेला घेऊन बघतो तर पंपाकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोटाच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा, जागच्या जागी. नवा पिस्टन, बोअरिंग, आठवडाभर लोकल.

तर करायचं असं. ऑइलची टाकी भरा आणि पंपावरचा हवा काढायचा छोटा स्क्रू काढा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. खाली फडकं धरा. बुडबुडा पूर्ण थांबला की वॉशरसकट स्क्रू बंद. यामुळे टाकी ते पंप एवढाच भाग साफ होतो. मी नेमका इथेच थांबलो होतो. पंपापासून इंजिनापर्यंतची नळी लावण्याआधी सिरिंजने ऑइल भरून घ्या. मग पेट्रोलच्या टाकीत ५०:१ मिक्स घाला (पाच लिटरला १०० मिली), इंजिन आयडलवर चालू ठेवा आणि पंपाची पुली हाताने पूर्ण ओढून धरा. नळीतला उरलेला बुडबुडा हळूहळू इंजिनाकडे सरकून नाहीसा होतो. पांढऱ्या धुराचा लोट निघेल, म्हणून हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका. मला सेक्रेटरींनी चौथ्या मजल्यावरून हाक मारली होती.

केबलचा क्रम ठरलेला आहे: आधी कार्ब्युरेटर, मग पंप. कार्ब्युरेटरची ढील आणि आयडल आधी लावा, नंतर पंपाच्या पुलीवरची खूण पंपाच्या पिनशी जुळवा. थ्रॉटल कुठल्या स्थितीत असताना ती जुळवायची हे मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा आपल्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा, शेजारच्या आरडीवाल्याचं (यामाहाचीच दुसरी बाइक) ऐकू नका. झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. इंजिनाचा वेग वाढला तर केबल कुठेतरी ताणतेय. पंपाचा कमीत कमी स्ट्रोक (आतल्या दट्ट्याची हालचाल) फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासता येतो, तो मिलिमीटरच्या पावभागाच्या आसपास असतो. कमी असेल तर शिम (पातळ चकती) घालावी लागते. हे काम हात बसलेल्या मिस्त्रीकडून करून घेतलेलं बरं.

जाता जाता, हीच डोकेदुखी मझ्दाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारवाल्यांनाही आहे. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेलं) चार-स्ट्रोक चक्रावर चालत असलं तरी रोटरच्या सीलसाठी थोडं ऑइल मुद्दाम जाळतं. १९८९ पासून त्या गाडीत पंप कम्प्युटरच्या हुकमावर चालू लागला. ते इंजिन दुसऱ्या गाडीत टाकून नवा कम्प्युटर लावला, आणि त्याला तो पंप चालवता येत नसला, की पंप मुका. मग कोणी जुना यांत्रिक पंप थ्रॉटलला जोडतं, कोणी सरळ मिक्स मारतं. आपल्याकडे निदान केबल डोळ्यांना दिसते.

आता पंपाची परीक्षा. ऑइलच्या टाकीवर मार्करने रेघ मारा आणि पहिली पेट्रोलची टाकी मिक्सवरच संपवा. पंप आणि मिक्स दोन्ही चालू असल्याने धूर जास्त दिसेल, तेवढे दिवस सोसा. पेट्रोलची टाकी संपली की रेघ बघा. ऑइल खाली सरकलं असेल, नळीत बुडबुडा नसेल आणि प्लगचं टोक चॉकलेटी, किंचित ओलसर असेल, तरच साधं पेट्रोल भरा. रेघ हललीच नसेल तर मिक्स चालू ठेवून परत हवा काढण्यापासून सुरुवात.

रेघ फारच भराभर खाली जात असेल आणि धूर मात्र वाढत नसेल, तर गिअरबॉक्सच्या ऑइलची पातळी तपासा. ती वर चढली असेल तर पंपाचा शाफ्ट सील गेला आहे, आणि टू-टी गिअरबॉक्समध्ये चाललंय. पंप पुन्हा उतरवावा लागेल.