माळ्यावरच्या पेटीतले जुने सोल रेकॉर्ड : ग्रेड कसा लावायचा आणि विकायचे कसे

आमचा मामा मर्चंट नेव्हीत होता, साठ-सत्तरच्या दशकात बोटीवरून उतरला की आमच्यासाठी चॉकलेटं आणि स्वतःसाठी सात इंची रेकॉर्ड. सोलापुरातल्या साखर पेठेतलं जुनं घर रिकामं करताना त्याची पेटी निघाली, आत ऐंशीएक फॉर्टीफाईव्ह, म्हणजे मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डी, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सोल संगीत, मोटाऊन, स्टॅक्स आणि कधी नावं न ऐकलेली लेबलं, म्हणजे रेकॉर्ड कंपन्या. रद्दीवाला दारात उभा, म्हणे किलोवर घेतो. म्हटलं थांब बाबा, आधी बघू तरी काय आहे. त्यानंतर दोन वर्षांत जे शिकलो ते लिहितोय, कुणाकडे अशीच पेटी असेल तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट उलटी आहे. जे गाणं सगळ्यांना माहितीये त्याला भाव नाही, कारण ते लाखांनी छापलंय. भाव आहे पडलेल्या गाण्याला. इंग्लंडच्या उत्तर भागात सत्तरच्या दशकात रात्रभर नाचायचे क्लब होते, विगन कॅसिनो त्यातलं मोठं नाव, 1973 ला सुरू झालं आणि 1981 ला बंद, तिथल्या डीजेंची चढाओढ एकच की दुसऱ्याकडे नाही ती रेकॉर्ड माझ्याकडे पाहिजे. त्यामुळे अमेरिकेत आपटलेल्या रेकॉर्डी तिकडे सोनं झाल्या. मोटाऊनच्याच 'सोल' नावाच्या लेबलवर फ्रँक विल्सनची 1965 ची एक डेमो, म्हणजे विक्रीआधी वाटायची कॉपी, आहे, बाजारात रीतसर आलीच नाही, मोजक्याच कॉपी उरल्यात, त्यातली एक 2020 मध्ये 1 लाख पाउंडाला गेली. आपल्या पेटीत ती नसणार, मी पण तीनदा शोधली.

आता ग्रेडिंग, म्हणजे रेकॉर्डची अवस्था ठरवणं. जगभर गोल्डमाईन या अमेरिकन मासिकाची पद्धत चालते, डिस्कॉग्स या रेकॉर्ड खरेदी-विक्रीच्या वेबसाईटवर पण तीच. मिंट म्हणजे बिनवापराची, हा शब्द वापरूच नका. निअर मिंट म्हणजे जवळजवळ नवी. व्हीजी प्लस (व्हीजी म्हणजे व्हेरी गुड) म्हणजे बारीक केसासारख्या रेघा दिसतात पण ऐकताना त्रास नाही, किंमत साधारण निअर मिंटच्या निम्मी. व्हीजी म्हणजे नखाला ओरखडा लागतो, गाण्यातल्या हळू आवाजाच्या जागी खरखर येते, किंमत पाव. आणि गुड? नावावर जाऊ नका, गुड म्हणजे सुई न अडकता शेवटापर्यंत जाते एवढंच, बाकी आवाज भजी तळल्यासारखा.

बघायचं उन्हात. ट्यूबलाईटखाली सगळ्याच रेकॉर्ड चकाचक दिसतात. सकाळी आठ-साडेआठला गॅलरीत जायचं, रेकॉर्ड कडेनं धरायची, तिरकी करत फिरवायची, प्रत्येक रेघ वर येते. पण पटकन उरका, सोलापूरचं ऊन आहे हे, मी एक रेकॉर्ड एप्रिलमध्ये कठड्यावर ठेवून चहा प्यायला गेलो आणि परत आलो तर तिची पोळी झालेली.

डोळ्यांवर मात्र पूर्ण विश्वास ठेवू नका, इथेच माझी फजिती झाली. पहिलीच विक्री, इंग्लंडचा गिऱ्हाईक, रेकॉर्ड आरशासारखी, बिनधास्त व्हीजी प्लस लिहिलं आणि पाठवली. पंधरा दिवसांनी मेसेज, पूर्ण गाणंभर सूं सूं आवाज आहे, सोबत रेकॉर्डिंग. ऐकलं, माणूस खरं बोलत होता, निम्मे पैसे परत केले. भानगड काय, तर ती रेकॉर्ड व्हिनाईलची नव्हतीच, स्टायरीनची होती. अमेरिकेत बऱ्याच फॉर्टीफाईव्ह नेहमीच्या व्हिनाईलऐवजी स्टायरीन नावाच्या कडक प्लॅस्टिकमध्ये काढायचे, जड सुईनं ती आतून झिजते आणि वरून चमकतच राहते. ओळखायची सोपी पद्धत, कडेला नखानं टिचकी मारा, व्हिनाईल ठप्प वाजतं आणि स्टायरीन टणटण. वाकवून बघू नका, व्हिनाईल लवतं, स्टायरीनचा तुकडा पडतो. तेव्हापासून मी दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय ग्रेड लिहीत नाही, आणि शंका आली की एक पायरी खालचाच लावतो. सूटकेसवाल्या प्लेयरवर मात्र ऐकू नका, त्याची सुई जड असते, बऱ्या टर्नटेबलवर दोन ग्रॅमच्या आसपास वजन ठेवा.

ऐकायच्या आधी धुवा. नळाचं पाणी नको, पाचव्या दिवशी येतं ते वेगळं दुःख, पण वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. गॅरेजवाल्याकडे बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या, नीट बघून घ्या, ऍसिडचा कॅन उचलाल. पुसायला आपला टेरी टॉवेल अजिबात नको, गावाचा अभिमान आहे मान्य, पण त्याचे धागे खोबणीत बसतात, मायक्रोफायबर वापरा. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. पेटीत लाखेच्या जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तव्या निघाल्या तर त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते.

खरी का नकली हे लेबलच्या बाहेरच्या कोऱ्या पट्ट्यात कळतं. तिथे कोरलेले आकडे भिंगातून बघा आणि डिस्कॉग्सच्या नोंदीशी अक्षर न अक्षर जुळवा. लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याच्या रेकॉर्डवर त्रिकोण आणि आकडा असतो. लेबलचा रंगपण बोलतो, स्टॅक्सचं जुनं लेबल फिकं निळं, रेकॉर्डच्या चळतीचं चित्र, 1968 ला ॲटलांटिकपासून वेगळे झाल्यावर चुटकी वाजवणारा हात आला. मूळ स्टायरीनमध्ये निघालेली रेकॉर्ड तुमच्याकडे व्हिनाईलमध्ये असेल तर सावध, महाग गाण्यांच्या नकला सत्तरीतच निघाल्यात. पांढऱ्या लेबलच्या प्रमोशन कॉपीला बऱ्याचदा जास्त मागणी.

भाव बघताना लोक काय मागतात ते बघू नका, मागायला काय जातंय. डिस्कॉग्सवर आधीच्या विक्रीचे आकडे असतात, पॉपसाईक नावाच्या वेबसाईटवर लिलावांचे जुने निकाल, तेच धरा. जाहिरातीत सगळं लिहा, लेबलवर पेननं नाव आहे, स्टिकर आहे, कडा किंचित वाकडी आहे. मामानं प्रत्येक लेबलवर बंदराचं नाव लिहून ठेवलंय, कलेक्टरच्या दृष्टीनं तो दोषच, पण खोडायला जाऊ नका, कागद सोलतो.

पॅकिंगला रेकॉर्ड कव्हरातून काढून वेगळ्या पातळ पिशवीत कव्हराच्या मागे ठेवा, नाहीतर प्रवासात ती कव्हराची शिवण फाडते. दोन्ही बाजूंनी रेकॉर्डपेक्षा मोठे कडक पुठ्ठे, पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हाळी रेषा एकमेकींना आडव्या, मग बॉक्स. परदेशी पाठवताना कस्टम्सच्या फॉर्मवर वस्तूचं नाव आणि खरी किंमत लिहावी लागते, ग्रामोफोन रेकॉर्ड असं सरळ लिहा. आमच्या पोस्टातल्या बाईंनी पहिल्यांदा फॉर्म वाचून विचारलं, हे अजून ऐकतात होय कोण? म्हटलं, मँचेस्टरला ऐकतात. पावती नीट ठेवा, ट्रॅकिंग नंबर तिच्यावरच असतो आणि गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी मागतो.