समुद्रपक्षी आणि मासेमारी नौकांचं मॉडेल: या चुका टाळा

समुद्रपक्षी भक्ष्य कुठे शोधतात आणि तिथे मासेमारी नौकांशी त्यांची गाठ कुठे पडते, याचे संगणकी मॉडेलने काढलेले नकाशे माझ्याकडे तपासायला येतात. रंग देखणे असतात. चुका त्याच त्या.

डोकं उठवणारी पहिली चूक म्हणजे मॉडेलला तुलनेसाठी लागणारे ‘इथे पक्षी नाही’ असे बिंदू अख्ख्या महासागरावर भुरभुरवणं. विणीच्या हंगामात पिल्लाला भरवायला पक्ष्याला वसाहतीत, म्हणजे घरट्यांच्या जागी, परतावंच लागतं. त्याच्या पल्ल्याबाहेर कितीही मासळी असो, तिचा त्याला काय उपयोग? तिथले बिंदू घेतले की मॉडेल एकच गोष्ट शिकतं: वसाहत जवळ, म्हणजे पक्षी आहे. एका विद्यार्थ्याने असं मॉडेल मोठ्या ऐटीत आणलं होतं, एयूसी (‘आहे’ आणि ‘नाही’ मॉडेल किती नीट ओळखतं याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.९ च्या वर. तापमान, क्लोरोफिल (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींची खूण), खोली सगळं काढ आणि फक्त वसाहतीपासूनचं अंतर ठेव, असं मी त्याला सांगितलं. आकडा जेमतेम हलला. म्हणजे समुद्राबद्दल त्या मॉडेलला काहीच कळलं नव्हतं, आणि शोधनिबंधाचा मसुदा मात्र तयार होता! माझी सवय अशी: प्रत्येक खऱ्या फेरीमागे तेवढ्याच लांबीच्या काही काल्पनिक फेऱ्या त्याच वसाहतीतून सोडायच्या आणि तुलना त्यांच्याशी करायची. वेळ खातं, पण घाई असेल त्याने दुसरं काम बघावं.

चाचणीसाठी बिंदू बाजूला काढू नका, अख्खे पक्षी काढा; जमलं तर अख्खी वसाहतच. एकाच पक्ष्याच्या लागोपाठच्या नोंदी शिकवण्यात आणि चाचणीत दोन्हीकडे गेल्या तर ती परीक्षा नव्हे, कॉपी आहे.

जियोलोकेटरच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडावरून पक्ष्याचं ठिकाण काढणाऱ्या छोट्या यंत्राच्या, नोंदी १० किलोमीटरच्या चौकोनांच्या ग्रिडवर बसवू नका. त्यांची चूक दीड-दोनशे किलोमीटरची असते, आणि मार्च-सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास तर अक्षांश मिळतच नाही.

आता नौकांकडे. पक्ष्यांचा महिन्याचा नकाशा आणि नौकांचा महिन्याचा नकाशा एकमेकांवर ठेवायचा आणि लाल डागाला ‘गाठभेट’ म्हणायचं, हा शॉर्टकट मला अजिबात खपत नाही. पक्षी दिवसा येऊन गेला आणि लाँगलाइन (असंख्य गळ लावलेली लांबच लांब दोरी) रात्री पडली, तर गाठ कुठली? दोघं एकाच तासाला जवळ होते का, ते बघा. अल्बाट्रॉस सुमारे ३० किलोमीटरवरूनही जहाजाकडे वळतो, त्यामुळे ‘जवळ’ म्हणजे किती, हेही आधी ठरवा. आणि जवळ असणं म्हणजे नौकेमागे लागणं नव्हे, गळाला अडकणं तर नव्हेच.

त्यात एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आणि ठिकाण आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर, आंधळा विश्वास. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांपासून पुढच्या जहाजांना ते सक्तीचं असलं, तरी मासेमारी नौकांचा निर्णय बराचसा ज्या त्या देशाच्या हातात आहे. शिवाय ते बंदही करता येतं. दक्षिण हिंदी महासागरातल्या अल्बाट्रॉसवर रडार टिपणारे टॅग लावून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या टॅगनी टिपलेल्या जहाजांपैकी २८ टक्क्यांहून अधिक जहाजांचा एआयएस संदेशच नव्हता. आंतरराष्ट्रीय पाण्यात हे प्रमाण ३७ टक्के. तेव्हा नकाशावरच्या रिकाम्या चौकोनात ‘शून्य नौका’ लिहिण्याआधी थांबा. मी तिथे करडा रंग भरतो, म्हणजे ‘माहीत नाही’.

आणि अंतर अंशांत मोजू नका. ६० अक्षांशावर रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावरच्या निम्माच भरतो.