डी-जेट्रॉनिकचं ट्यूनिंग: मिश्रणाला हात सगळ्यात शेवटी

फोक्सवॅगन 1600 मधलं बॉशचं डी-जेट्रॉनिक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शन, आत येणारी हवा मोजत नाही. मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बघून पेट्रोल ठरवतं. हा दाब इंजिनाच्या अवस्थेवर ठरतो, म्हणून आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), इग्निशनचे पॉइंट आणि टायमिंग नीट करा. व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असेल तर दाब वाढतो, कंट्रोल युनिटला लोड आल्यासारखं वाटतं आणि ते पेट्रोल वाढवतं. लोक मात्र सेन्सर बदलत बसतात!

मग गेज लावून फ्युएल प्रेशर साधारण 2 बार आहे ना बघा. इंजिनाच्या टेंपरेचर सेन्सरची वायर काढून मल्टिमीटर लावा: 20 अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास. वायर तुटली की युनिट इंजिन गारठलेलं समजतं, जास्त पेट्रोल सोडतं आणि प्लग काजळतात.

इंजिन पूर्ण तापल्यावरच युनिटवरचा आयडल मिश्रणाचा (गाडी उभी असतानाच्या पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) नॉब, असल्यास, एकेक क्लिक फिरवा.