बेस गिटारच्या तारा: आधी मोजपट्टी, मग गेज

तारा घेताना बहुतेकजण गेजपासून, म्हणजे तारेच्या जाडीपासून सुरुवात करतात. सुरुवात लांबीपासून करा. नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (मानेवरची धातूची आडवी पट्टी) अंतर मोजा आणि दुप्पट करा. 34 इंच आलं तर लाँग स्केल, 30 च्या आसपास आलं तर शॉर्ट स्केल. शॉर्ट स्केलवर लांब तार चढवली की तिचा जाड भाग खुंटीला गुंडाळला जातो, वाकतो आणि तिथेच तारेवर गुंडाळलेल्या बारीक तारेचं वेटोळं उकलतं. तार तोकडी असेल तर निमुळता भाग नटवर येतो आणि आवाज बसका होतो. तारा बॉडीतून मागून ओवायच्या असतील, तर ते जास्तीचं अंतरही धरा.

आता गेज. 45-105 म्हणजे सगळ्यात बारीक G (जी) तार 0.045 इंच आणि सगळ्यात जाड E (ई) तार 0.105 इंच जाड. असा संच सुरात लावला की गिटारच्या मानेवर साधारण 80 किलोचा ताण येतो. ट्रस रॉड, म्हणजे मानेतली सळई, त्या ताणाशी जुळवलेला असतो. म्हणून सध्याचं सेटअप हाताला बसलं असेल, तर तेच गेज पुन्हा घ्या. 40-95 वर उतरलात तर ताण घटतो, मान सरळ होते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरते. जाड संच घेतला तर मान जास्त वाकते, ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, वर जाते. शिवाय जाड तार नटच्या खाचेत अडकते, सुरात लावताना ‘टिंग’ करून उडी मारते. खाच कानशीने रुंद करता येते, अरुंद करता येत नाही. हे काम जपून.

ई तार डी (D) सुरापर्यंत उतरवून वाजवणार असाल तर तिचा ताण सुमारे 20 टक्के घटतो. तिथे 110 ची तार शोभते.

फ्लॅटवाऊंडचं (चपट्या तारेचं वेटोळं असलेली गुळगुळीत तार) गेज तेच असलं तरी ताण बरेचदा जास्त असतो, त्यामुळे कंपनीचा ताणाचा तक्ता बघा. स्टेनलेस स्टीलची राऊंडवाऊंड (गोल तारेचं वेटोळं असलेली) पहिल्या दिवशी नाद खुळा वाजते, पण फ्रेट लवकर झिजवते. निकेल-प्लेटेड हा सगळ्यात बिनधोक पर्याय. कोल्हापूरच्या आषाढ-श्रावणात मात्र राऊंडवाऊंडच्या खाचांत घाम आणि ओल साचते, तार आठवड्यात मंदावते. गणपतीतले कार्यक्रम घेतले असतील तर कोटेड (वरून पातळ लेप दिलेल्या) संचाचे जादा पैसे वसूल होतात.

चढवताना एकेक तार बदला. खुंटीपलीकडे 10-12 सेंटिमीटर सोडा, आधी काटकोनात वाकवा, मगच कापा. थेट कापली तर काही तारांचं वेटोळं आतून सैल होतं. खुंटीवर दोन-तीन फेरे, खाली उतरत. सुरात लावून दिवसभर ठेवा.

मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये साधारण 0.3 मिलिमीटर फट हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा घट्ट, कमी असेल तर सैल. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर नाही. पावसाळा सरला की हे माप पुन्हा घ्या, मान हललेली असते.

त्यानंतर ॲक्शन: सतराव्या फ्रेटवर ई खाली 2.4 आणि जी खाली 2 मिलिमीटर. शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागतो का ते. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्या, उतरा असेल तर पुढे.