वायपर ‘इंट’वर का अडतो? थांबून-थांबून चालणाऱ्या वायपरचं काम आणि क्रमाने तपासणी

कोल्हापुरातून गगनबावड्याकडे निघालं की कळ्यापर्यंत पाऊस कधी नुसता भुरभुरतो, आणि घाट जवळ आला की धुक्यानेच काच ओली होते. अशा वेळी वायपर सतत चालवला तर अर्धवट कोरड्या काचेवर रबर कुरकुरतं, आणि बंद ठेवला तर समोरचं दिसत नाही. स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचवरची ‘इंट’ (इंटरमिटंट, म्हणजे थांबून-थांबून) ही खूण याचसाठी असते: एक फेरी, थोडी उसंत, पुन्हा एक फेरी. ही सोय बिघडली की अनेकदा थेट मोटर बदलण्याचा सल्ला मिळतो. मोटर हा या सगळ्यातला महागडा भाग आहे, आणि लो व हाय (सततचा कमी आणि जास्त वेग) नीट चालत असतील तर दोष बहुधा दुसरीकडेच असतो. पैसे घालण्याआधी आत काय घडतं ते पाहू.

फेरी सुरू कोण करतं आणि संपवतं कोण

वायपरची मोटर १२ व्होल्टची, कायमचुंबकाची असते. तिला सहसा तीन कार्बन (फिरणाऱ्या भागाला करंट देणारे ब्रश) असतात: एक सामाईक, एक लोसाठी आणि एक थोडा तिरक्या जागी बसवलेला हायसाठी. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) टोकाचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, एका मोठ्या गिअरला फिरवतो आणि वेग साधारण ५०ला १ इतका उतरतो. त्या गिअरचा एक वेढा म्हणजे वायपरचं एक जाणं-येणं. गोल फिरण्याचं झुलणं करतं ते लिंकेज, म्हणजे काचेच्या बुडाशी प्लास्टिकच्या जाळीखाली असलेल्या दांड्या आणि त्यांचे गोळीचे सांधे.

आता टायमर. जुन्या पद्धतीच्या रिलेत (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) एक कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि एक ट्रान्झिस्टर असतो. रेझिस्टरमधून कपॅसिटर हळूहळू भरत जातो. व्होल्टेज ठरावीक पातळीला पोचलं की ट्रान्झिस्टर रिले ओढतो, मोटर हलते, कपॅसिटर रिकामा होतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. उदाहरणार्थ १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ५० किलोओहमच्या रेझिस्टरमधून भरला, तर दोन्हींचा गुणाकार ५ सेकंद येतो. तेवढ्या वेळात कपॅसिटर सुमारे ६३ टक्के भरतो. स्विचवरची कडी फिरवून रेझिस्टर २० किलोओहमवर आणला की तोच वेळ २ सेकंदांवर येतो. अमेरिकेतले इंजिनिअर रॉबर्ट कर्न्स यांनी अशा इलेक्ट्रॉनिक रचनेच्या पेटंटसाठी १९६४ मध्ये अर्ज केला आणि १९६७ मध्ये ते त्यांना मिळालं. डोळ्याची पापणी सतत न मिटता अधूनमधून मिटते, यावरून त्यांना ही कल्पना सुचली होती.

पुढचा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही, आणि बरेच बिघाड तिथेच असतात. टायमरचा रिले थोडाच वेळ ओढलेला राहतो; वायपर काचेच्या मध्यावर असतानाच तो सुटतो. तरी वायपर मध्येच थांबत नाही, कारण गिअरवर तांब्याची पट्टी आणि तिला टेकणारे संपर्क असतात. हाच पार्क स्विच. वायपर मूळ जागेवरून हलला की हा स्विच मोटरला स्वतंत्र वायरमधून करंट देऊ लागतो आणि फेरी पुरी होईपर्यंत देत राहतो. जागेवर आल्यावर तो करंट तोडतो आणि त्याच क्षणी मोटरची वायर अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या गाडीच्या बॉडीला) जोडतो. फिरणारं आर्मेचर तेव्हा डायनॅमोसारखं वीज तयार करतं, ती शॉर्ट होते आणि मोटरला झटक्यात ब्रेक लागतो. हा ब्रेक नसेल तर मोटर वेगाच्या जोरावर जागा ओलांडते, पट्टी पुन्हा जोडली जाते आणि आणखी एक फेरी सुरू होते.

थोडक्यात, टायमर फक्त ढकलून देतो. फेरी पुरी करायचं काम पार्क स्विचचं. वायपर कुठे थांबतो ते नीट पाहिलं तर दोष कोणाचा हे बोनेट न उघडताच बरंचसं कळतं.

पायरी १ : काच ओली करा आणि नुसतं पाहा

कोरड्या काचेवर चाचणी घेऊ नका. रबर खराब होतं आणि मोटरवर ताण येतो. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवलं की काळी राख काचेवर येऊन बसते. तिच्यावर कोरडा वायपर फिरवला तर काचेवर कायमचे ओरखडे उठतात. आधी पाणी ओतून काच धुवा.

इग्निशन चालू करा. मिस्ट (एकच फेरी), इंट, लो, हाय आणि मग ऑफ असं एकेक पाहा. इंटवर दोन फेऱ्यांमधला वेळ घड्याळावर मोजा. वायपर मध्यावर असताना मुद्दाम ऑफ करा.

लो आणि हाय चालतात, पण इंटवर काहीच होत नाही: टायमर रिले किंवा कॉम्बिनेशन स्विच पाहा. इंटवर वायपर वीतभर सरकून थांबतो, काही सेकंदांनी पुन्हा वीतभर सरकतो आणि ऑफ केल्यावर असेल तिथेच उभा राहतो: टायमर ठीक आहे, पार्क स्विच किंवा त्याला येणारा करंट गेला आहे. ऑफ करूनही वायपर फिरतच राहतो: पार्क स्विचची पट्टी चिकटली आहे, रिले अडकला आहे किंवा ब्रेकची अर्थ तुटली आहे. मोटरचा आवाज येतो पण वायपर हलत नाही किंवा एकच हलतो: लिंकेजचा सांधा निसटला आहे किंवा वायपरच्या बुडाचा नट ढिला आहे.

पायरी २ : फ्यूज आणि रिले

काहीच चालत नसेल तर आधी फ्यूज. किती अँपिअरचा हवा ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं, तेवढाच घाला. मोठा फ्यूज घातला आणि मोटर अडकली, तर वायरिंग जळतं. ओल्या काचेवर मोटर साधारण ३ ते ५ अँपिअर घेते, अडकली की त्याच्या कितीतरी पट.

इंटवर ठेवून रिलेजवळ कान द्या. ठरावीक वेळाने टक् असा आवाज येत असेल तर टायमर जिवंत आहे. आवाज येतो पण वायपर हलत नाही, तर रिलेचे संपर्क जळलेले असू शकतात. आवाजच नसेल तर त्याच नंबरचा चालू रिले लावून पाहा. आकार सारखा दिसतो म्हणून हॉर्नचा साधा रिले तिथे लावू नका; त्यात टायमर नसतो आणि पिनांची मांडणीही वेगळी असू शकते. मधला वेळ लहरीप्रमाणे बदलत असेल, तर वाळलेला कपॅसिटर किंवा तडकलेलं सोल्डर हे नेहमीचं कारण. इलेक्ट्रॉनिक्सचा हात असलेला कारागीर रिले उघडून तेवढंच दुरुस्त करू शकतो.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत वेगळा टायमर रिले नसतोच. वेळ बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, वायपर वगैरे सांभाळणारा छोटा कंप्यूटर) ठरवतं, काहींत गाडीच्या वेगाप्रमाणे बदलतंही. तिथे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय मॉड्यूलला दोष देऊ नका. आधी स्विचचा आणि मोटरचा प्लग काढून पिनांवर हिरवट गंज आहे का ते पाहा.

पायरी ३ : मोटरच्या प्लगवर मोजणी

बोनेट उघडा आणि मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. वायरिंगची आकृती जवळ असली तर उत्तम, कारण रंग गाडीगणिक बदलतात. इग्निशन चालू आणि वायपर ऑफ असताना प्लगमधल्या एका वायरवर बॅटरीइतकं व्होल्टेज मिळायला हवं. ती पार्क स्विचची वायर. बहुतेक गाड्यांत अशीच जोडणी असते, काहींत उलटी. तिथे करंट नसेल तर मोटर खोलण्यात अर्थ नाही; वायर आणि फ्यूज शोधा.

मग वायपर लोवर चालू ठेवून मोटरची अर्थ पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यात मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. बॉडीला जिथे अर्थचा बोल्ट बसतो, तिथला गंज घासून काढा. चार महिने भिजणाऱ्या गाडीत हा दोष फार सापडतो आणि त्याला खर्च काहीच नाही.

पायरी ४ : पार्क स्विच साफ करणं

आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. इंटवर राहिलेला वायपर अचानक सुटतो आणि लिंकेजमध्ये बोट सापडलं तर गंभीर इजा होते. ही पायरी कधीही वगळू नका.

वायपर कुठे उभे आहेत त्या जागी काचेवर चिकटपट्टी लावून खूण करा. वायपर उचलून ठेवणार असाल तर खाली जाड टॉवेल पसरा. ब्लेड नसलेला दांडा काचेवर आपटला तर काच तडकते. बुडाचे नट काढा. दांडा दातऱ्यांवर घट्ट बसला असेल तर खाली जोर न लावता डावी-उजवीकडे हलवत सोडवा. जाळी काढा, लिंकेज सोडवा, मोटर बाहेर घ्या.

गिअरवरचं झाकण उघडलं की तांब्याची पट्टी दिसते. वाळून घट्ट झालेलं ग्रीस आणि काळी काजळी कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा. पट्टीवर डाग राहिले तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा. संपर्काच्या पात्या चपट्या झाल्या असतील तर किंचित वर उचला, जास्त वाकवल्या तर तुटतात. गिअरच्या दात्यांना नवं ग्रीस लावा, संपर्कांवर त्याचा थर देऊ नका. मोटरमध्ये पाणी शिरलेलं दिसलं तर जाळीखालची पाण्याची वाट पाल्याने तुंबली आहे का ते पाहा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा हेच होईल. कार्बन झिजले असतील तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आधी कार्बन बदलून मिळतील का विचारा.

पायरी ५ : जोडताना क्रम चुकवू नका

मोटर आणि लिंकेज बसवा, बॅटरी जोडा, पण वायपर लगेच लावू नका. मोटर एकदा लोवर चालवून ऑफ करा आणि तिला तिच्या जागी थांबू द्या. त्यानंतरच, वायपर ऑफच ठेवून, चिकटपट्टीच्या खुणेवर दांडे बसवा आणि नट आवळा. आधीच दांडे बसवले तर मोटरची घरची जागा आणि वायपरची जागा जुळत नाही. मग ब्लेड बोनेटवर किंवा बाजूच्या खांबावर आपटतं.

शेवटी भरपूर पाणी मारून इंटवर दहा फेऱ्या पाहा. प्रत्येक फेरी खुणेवर संपली पाहिजे आणि मधला वेळ सारखा असला पाहिजे. मग ब्लेड मध्यावर असताना ऑफ करा; वायपरने न थबकता खाली येऊन एकदाच थांबायला हवं.